पुलापर्यंतची फेरी

या रविवारीही रत्नाबाई एकट्याच आल्या.

पवित्राने यादी पाहिली. नावं सहा होती, पण भुरभुर बघून बाकीचे फिरकले नव्हते. नदीकाठची ही पायवाट लोकांना दाखवायचं काम ती एका निसर्गमंडळासाठी करायची. आठवड्याचे सहा दिवस बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात, सातवा इथे.

“चल,” रत्नाबाई म्हणाल्या. सत्तरीच्या बाई, चामराजपेटेहून दोन बस बदलून यायच्या.

करंजाखालच्या वीरगळापाशी पवित्रा थांबली. गाई सोडवताना पडलेला वीर, त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, सगळं तिने सांगितलं. आवाजात जीव नव्हता. रत्नाबाई चौदाव्यांदा ऐकत होत्या, तरी मान डोलवत होत्या. पुढे जुना दगडी घाट. पायऱ्यांना फेस लागलेला, पाण्याला वास. तिथे पवित्राने नुसतं बोट दाखवलं.

बसरस्त्याचा पूल आला. रत्नाबाई नेहमीसारख्या कठड्याच्या बाजूने चालू लागल्या.

“स्वल्प हात धर गं. गुडघे ऐकत नाहीत.”

पवित्राने धरला.

पुलापलीकडच्या बाकावर दोघी टेकल्या. आता जमत नाही, असं तिने मंडळाला कालच कळवलं होतं. कारण कुणी विचारलं नव्हतं.

“रत्नाक्का, पुढच्या रविवारपासून मी येणार नाही. तुमच्या सोबतीला दुसरी कुणी मिळेल. मी सांगून ठेवते.”

रत्नाबाईंनी डब्यातलं उप्पिट तिच्यापुढे केलं.

“तू नसलीस तर मी इथे कशाला येऊ?”

पवित्राला वाईट वाटलं. या वयात माणूस एकटं पडतं, कुणाची तरी सवय लागते, हे तिला कळत होतं. घरच्यांना घेऊन या, त्यांच्याबरोबर फिरा, अशी तिने समजूत घातली.

“माझं घर भरलेलं आहे,” रत्नाबाई म्हणाल्या. “आषाढात बहिणीकडून परतताना माझी बस सकाळी या पुलावर अडकली होती. तू कठड्याच्या पलीकडे उभी होतीस. मी उतरून धापा टाकत पोचले, तोवर तू अलीकडे आली होतीस, आणि चार माणसांना हसून खंड्या दाखवत होतीस.”