जीव घाबरते

गुणाबाईच्या बोटाला चिमटा होता आणि पडद्यावर तिचं काळीज आकड्यात मोजलं जात होतं. अठ्ठ्याऐंशी. सुई देऊन वीस मिनिटं झाली होती.

सुई रक्तातली साखर उतरवायची होती. मुद्दामच उतरवायची. मेंदूच्या बुडाशी वाढलेल्या गाठीनं तिथल्या ग्रंथीचं किती काम खाल्लं, ते साखर उतरल्यावरच रक्तात कळतं. ते कळल्याशिवाय ऑपरेशनची तारीख नाही. आणि गुणाबाईला दोन्ही बाजूंचं दिसणं बंद झालं होतं. पलंगाशेजारी उभा असलेला नवरा, लटारू, मान वळवल्याशिवाय तिला दिसत नव्हता.

"काय होतंय?" पुण्याहून आलेल्या तरुण डॉक्टरनं विचारलं.

"जीव घाबरून राह्यला."

"घाबरू नका. साधी तपासणी आहे." त्यानं कागदावर काहीतरी लिहिलं.

एकशे सोळा. पाठीखालची चादर घामानं ओली झाली.

"आता?"

"लय घाबरून राह्यला, साहेब."

"अहो, घाबरण्यासारखं काय आहे यात? म्हणून तर ठोके वाढताहेत. डोळे मिटा. ठोके खाली आले की रक्त घेऊ."

"साहेब, ते भेत नाई," लटारू म्हणाला. "मोहफुलं वेचताना अस्वल समोर आलं, तं हिनं टोपलं नाई टाकलं. भेणं अलग, जीव घाबरणं अलग."

"तुम्ही बाहेर थांबा."

शिकून आलेल्या माणसाला शब्द माहीत होता. त्यामुळे त्याला ऐकायची गरज नव्हती.

एकशे बत्तीस. गुणाबाईला आपलेच हात दुसऱ्या कोणाचे वाटू लागले. भ्यायलाही आत काहीतरी शिल्लक लागतं. ते नव्हतं. ओठ तेवढे हलले, "जीव..."

शेजारच्या पलंगाची सलाईन बदलणारी साधना सिस्टर तिकडच्याच मूल गावची होती. हा शब्द तिनं आईच्या तोंडून ऐकला होता, उपासानं अंगातलं बळ सरायचं तेव्हा. बाटली तशीच ठेवून ती आली, बोट टोचलं. साखर सत्तावीस, जिवावर बेतेल इतकी खाली. कोणाला न विचारता तिनं शिरेत ग्लुकोज सोडलं.

पडद्यावरचा आकडा उतरला. साखर तळाला असताना घ्यायचं रक्त मात्र राहून गेलं.

दुपारी कागद हातात आला. लटारूनं बोट ठेवत ठेवत वाचला. 'रुग्ण घाबरट. भीतीमुळे नाडी वाढली. तपासणी अपुरी. एक महिन्याने पुन्हा.'

सिंदेवाहीच्या एसटीत गुणाबाई खिडकीशी बसली. तिचे ओठ हलत होते. लटारूनं वाकून ऐकलं.

"बरं वाटतंय, सर. बरं वाटतंय."

"का बडबडून राह्यली वं?"

"पाठ करून राह्यली," मान न वळवता ती म्हणाली. "पुढच्या खेपी साहेब 'काय होतंय' इचारन तं."