पंधरा नंबर

डेसमंडने होड्यांच्या क्लबातल्या फळीवरच्या खिळ्यांवरून दोन पितळी बिल्ले काढून जॅकेटच्या खिशात टाकले. चौदा आणि पंधरा. नात इमोजेनने आपला त्रेपन्न काढला. पाण्यात जाताना बिल्ला न्यायचा, परतल्यावर आधी तो खिळ्याला अडकवायचा, मगच चहा. क्लबातल्या सगळ्या मुलांना हे डेसमंडनेच शिकवलं होतं. खिळा रिकामा म्हणजे माणूस अजून पाण्यात.

दुपारचा नैर्ऋत्य वारा नदीवर फेस उडवत होता. शर्यतीला एकवीसपैकी नऊच होड्या उतरल्या.

"आजोबा, या वाऱ्यात होडी तोलायला मी हलकी पडेन का हो?"

"पडशील. म्हणून मी हाक मारली की अंग बाहेर झोकायचं. केस पाण्याला लागले पाहिजेत. तुझी आजी झोकायची, आणि वर मला शिव्या द्यायची."

"मीही देऊ?"

"आधी पहिल्या बोयाला वळसा तर घाल."

तिसऱ्या फेरीला ते दुसरे होते. डाव्या हाताचं पाणी एकदम काळं झालं. वाऱ्याचा झोत येत होता.

"बेरिल, बाहेर!" डेसमंड ओरडला.

इमोजेनने वळून त्याच्याकडे पाहिलं. तेवढा वेळ पुरला. शीड पाण्यावर आपटलं आणि होडी उलटली.

उलट्या होडीला धरून दोघं धापा टाकत राहिले.  

होडी सरळ करून किनाऱ्याला लागल्यावर त्याने चौदा अडकवला, तिने त्रेपन्न. मग दोघं शीड धुवायला लागले.

"पंधरा नंबर कोण आहे?" फळीपाशी कर्स्टी ओरडत होती. ती याच महिन्यात क्लबात आली होती. "सगळ्या होड्या आल्या, पंधरा नाही आला! मघाशी एक उलटली ना? अरे, बोट काढा लवकर!"

बचावाची नारिंगी बोट लाटांवर आदळत निघाली.

त्याची बायको बेरिल जूनमध्ये वारली होती. तिचा पंधरा नंबरचा बिल्ला उतरवायला आलेल्या सेक्रेटरीला डेसमंडने सांगितलं होतं, "राहू दे. कोणाला लागतोय?" एकतीस वर्षं ती शीड चढवायची आणि तो दोघांचे बिल्ले आणायचा.

इमोजेनने पाण्याचा पाइप खाली ठेवला.

"आजोबा, तुमच्या खिशात आहे तो. सांगा ना त्यांना."

डेसमंडचा हात खिशात गेला. दूरवर बोटीत एक माणूस उभा राहिला होता. तोंडाभोवती हात धरून तो हाका मारत होता, थांबून कानोसा घेत होता, पुन्हा हाका मारत होता.

"सांगतो," तो म्हणाला. "त्या शेवटच्या बोयापलीकडे तेवढं बघून येऊ दे त्यांना."