लामयाई मावशीच्या चटणीची कृती

थाई रीतीप्रमाणे चितेवर लाकडी फूल वाहिलं, गेलेल्या माणसाच्या आठवणीत वाटतात ते स्मरणपुस्तक हातात पडलं आणि तेव्हा कुठे रामपाईला आठवलं की चष्मा घरीच राहिलाय.

देवळाच्या मांडवात काळ्या कपड्यांची गर्दी मावत नव्हती. लामयाई मावशीच्या मुलानं दीडशे पुस्तकं छापली होती. आत मावशीचा फोटो, मावशीचं चरित्र, आणि शेवटच्या पानावर मावशीच्या नामप्रिकची, त्या कुटलेल्या मिरचीच्या चटणीची कृती. ही बातमी आधीच फुटली होती. त्यामुळे ज्यांच्याशी मावशी वीस वर्षं बोलली नव्हती, तेसुद्धा डोळे पुसत रांगेत उभे होते.

रामपाई मावशीच्या कुंपणापलीकडची. वयात तीस वर्षांचं अंतर, पण नवरा गेल्यावर तिला भांडायला हक्काचं माणूस उरलं ते मावशीच. तिला स्वतःला धड अंडं उकडता येत नसे. नावं ठेवण्यात मात्र हात धरणारं कुणी नव्हतं. रोज सकाळी पलीकडे खलबत्ता वाजायचा आणि थोड्या वेळानं कुंपणावरून वाटी यायची.

"चाख गं."

"लिंबू कमी आहे."

"तुझी जीभच मेलीय! जरा मुरू दे, मग बघ."

वाटी हिसकावली जायची. दुपारी जेवणाच्या वेळी ती परत यायची, आणि चटणी मुरून अशी काही लागायची की रामपाई मुकाट्यानं तिसऱ्यांदा भात घ्यायची. कृती मागितली की मावशीला ऐकू येत नसे.

"मी मेल्यावर मिळेल. पुस्तकात छापायला सांगितलंय."

"मग मर की लवकर!"

हे गेल्याच महिन्यातलं. अकरा वर्षांत मावशीनं पहिल्यांदाच तिचं काही ऐकलं.

मावशी गेल्यापासून ते वाक्य रामपाईला टोचत होतं. पण खरी बोच वेगळीच होती. अकरा वर्षं कुंपणाशी उभं राहून सुखदुःखं सांगितली, आणि म्हातारीनं एवढंसं गुपित सांगू नये? सांगायचं तेही अख्ख्या गावाबरोबर, रांगेत उभं करून? मग मैत्रीण ती कसली? रामपाईला रडू येत होतं आणि रडण्याचा रागही येत होता.

तिनं पुस्तक शेजारी बसलेल्या मासळीवाल्या वान्नाच्या मांडीवर टाकलं. "वाच. शेवटचं पान."

"आणि चरित्र? इथं लिहिलंय, स्वभावानं शांत होत्या."

"ते तर मुळीच नको."

वान्नाचा आवाज मासळीबाजारात कमावलेला. तिनं सुरुवात केली आणि सगळा मांडव कान टवकारून बसला. मिरच्या, लसूण, भाजलेल्या जवळ्याचा गोळा, ताडगूळ, लिंबू. सगळं बारीक कुटावं. म्हणजे घरोघरी करतात तेच. मागून कुणीतरी चक्क उसासा टाकला.

"थांबा, अजून आहे," वान्ना म्हणाली. "'मग वाटी कुंपणावरून रामपाईला द्यावी. ती नाक मुरडेल आणि काय कमी आहे ते सांगेल. तिला चार शब्द सुनावावेत. ती घरात गेली, की ती म्हणाली असेल तेच, तेवढंच घालावं.'"

सगळा मांडव रामपाईकडे वळला. तिचा आ वासलेला होता, डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि त्यातच तिला हसूही फुटलं.

"लबाड म्हातारी," ती कशीबशी म्हणाली. "संपलं?"

"खाली एक टीप आहे," वान्ना म्हणाली. "'ज्यांच्या शेजारी रामपाई राहत नाही, त्यांनी ही चटणी बाजारातून विकत आणावी.'"