खोली पाचमधला पेशंट

“काय होतंय तुम्हाला?” तिने विचारलं आणि लगेच तोंडाला कुलूप लावलं.

हे कुलूप तिला फार महागात पडत होतं. घरात तिचं नावच मुळी रेडिओ. गेल्या वर्षी याच परीक्षेत समोरच्या आजोबांनी “पोटात...” एवढंच म्हटलं होतं, तोवर हिने रोग, औषध आणि पथ्यपाणी सगळं सांगून टाकलं होतं. आजोबा उरलेला वेळ पंख्याकडे बघत बसले.

या सरकारी मेडिकल कॉलेजची तऱ्हाच न्यारी. इथली मुलं पहिल्या आठवड्यापासून वस्तीत, घराघरांत फिरून शिकायची, म्हणून त्यांना निवडायचंही वस्तीनेच. लेखी परीक्षा झाली की आसपासचंच कुणीतरी खोटाखोटा आजार घेऊन उमेदवारासमोर बसायचं. नंतर त्याला एकच प्रश्न विचारायचे, या डॉक्टरकडे परत जाल का? आजोबा म्हणाले होते, “पोरगी हुशार आहे हो. पण मी असलो काय नि नसलो काय, तिचं काही अडत नाही.” झालं, वर्ष गेलं.

यंदा तिच्या भागासाठी एकच जागा होती आणि शेवटच्या फेरीत उमेदवार दोन. आठवडाभर दादा घरी पेशंट होऊन कण्हत होता. ती मध्येच बोलली की आई ताटावर चमचा वाजवायची. घरात नुसता घणघणाट.

आज बाहेर यादी घेऊन बसलेल्या बाईंनी मानसुद्धा वर न करता सांगितलं होतं, “खोली पाच. पेशंट असेल नाहीतर येईल, तुम्ही सुरू करा.” खोली एरवी लहान मुलांना लस टोचण्याची होती. भिंतीवर उंची मोजायचा कागदी जिराफ, बसायला बुटक्या खुर्च्या. त्यातल्या एकीवर एक उंच तरुण गुडघे हनुवटीला टेकवून बसला होता. तिच्या प्रश्नाने तो असा दचकला, की जणू त्याला आजवर कुणी असं विचारलंच नव्हतं.

“छातीत धडधडतंय,” तो म्हणाला. “तोंडाला कोरड पडलीये. सकाळपासून घास उतरला नाही.”

काय नट आहे! तिने मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या. कपाळावर खरा घाम आणला होता पठ्ठ्याने. तीन रोगांची नावं तिच्या जिभेवर येऊन नाचू लागली. तिने ती गिळली.

“कधीपासून?”

“गेल्या वर्षीपासून. एका माणसाशी बोलायचं होतं. नुसतं बोलायचं होतं. आणि माझी दातखीळ बसली.” तो थांबला. तिला चमच्याचा आवाज आठवला आणि ती गप्प राहिली. त्या शांततेत तो पुढे बोलला. “बाबा म्हणतात, मुकाट्याने सायकलच्या दुकानात बस, चाकांशी बोलावं लागत नाही. खरंच वाटायला लागलंय हो, की माझा कुणाला उपयोग नाही.”

हे नाटक आहे, हे ती विसरूनच गेली. “सायकल घेऊन येणारा माणूस काय बिघडलंय ते सांगतो ना?” तिने विचारलं. “तुम्ही ऐकता ना ते?”

“सगळं ऐकतो. सायकलचं सांगता सांगता घरचंही सांगतात लोक.”

“मग उपयोग नाही कसा?”

तो खुर्चीसकट पुढे सरकला. मग हळूच म्हणाला, “आणि तुम्हाला काय होतंय? मघापासून ओठ चावताय.”

हा सापळा! पेशंट आपल्याला बोलतं करून बघतोय. “माझं राहू द्या,” ती म्हणाली.

“नाही, सांगा. मला घाई नाही.”

घाई नाही! रेडिओला असं कुणी म्हणतं का? कुलूप तुटलं. “मी फार बोलते,” ती म्हणाली. “घरीदारी, झोपेतसुद्धा. समोरच्याचं ऐकूनच घेत नाही. मी कसली डोंबलाची...”

“तुम्ही?” त्याला हसू फुटलं. “अहो, मघापासून मीच बोलतोय! जन्मात एवढा बोललो नव्हतो. तुम्ही ऐकत होतात म्हणून बोललो.”

तीही हसायला लागली. हसता हसता तिची बुटकी खुर्ची कलंडली, ती जिराफाला धरायला गेली आणि जिराफ टराटरा फाटून हातात आला. मग तर दोघांची हसून हसून पुरेवाट झाली.

तेवढ्यात दार उघडलं. एक म्हातारे गृहस्थ लंगडत आत आले.

“माफ करा हं, उशीर झाला,” ते धापा टाकत म्हणाले. “जन्मभर कंडक्टरकी केली आणि आज माझीच बस चुकली. आजचा पेशंट मी. गुडघा दुखतोय.” त्यांनी आठवून लंगडायचा पाय बदलला.

दोघांचं हसणं जागच्या जागी थिजलं. तिने त्याच्याकडे बघितलं, त्याने तिच्याकडे. म्हणजे हा पेशंट नव्हताच. हा तर दुसरा उमेदवार, त्या एकाच जागेचा, बाईंनी मान वर न करता याच खोलीत धाडलेला! आणि त्याच्या वासलेल्या तोंडाकडे बघून तिला कळलं, की तोही इतका वेळ तिलाच पेशंट समजत होता.

गालातल्या गालात दाबलेलं हसू पुन्हा उसळी मारून वर आलं. दोघांच्याही डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

कंडक्टरकाका गोंधळले. त्यांनी फाटक्या जिराफाकडे बघितलं, मग या दोन हसऱ्या वेड्यांकडे. “हे बघा, शेवटी मत माझंच विचारतात,” त्यांनी दम भरला. “दोघांतला डॉक्टर कोण, ते सांगा आधी!”

आणि दोघांनीही एकाच वेळी एकमेकांकडे बोट दाखवलं.