नळाचं पाणी

टेबलावर पाच फ्लास्क होते. तीन लाल, दोन स्वच्छ. इराला फक्त स्वच्छ दिसलं आणि ती दारातूनच ओरडली, "जमलं! काका, जमलं! बघा ना!"

जयवंतकाका जिना चढून धापा टाकत होते. गोरव्यातल्या त्यांच्या कारखान्यात सूत रंगवत. तिथलंच सांडपाणी त्यांनी इराला डबाभर दिलं होतं आणि आज ते निकाल बघायला प्रयोगशाळेत आले होते. त्यांनी चष्मा लावला, टेबलाभोवती एक फेरी मारली.

"मस्त जादू छे, बेटा. लोक वडाला फेरे घालतात, तू त्याचा काढा करतेस." मग बोटानं दाखवत म्हणाले, "पण स्वच्छ दोन कसे?"

इरानं पुन्हा मोजले. खरंच, स्वच्छ एकच असायला हवा होता.

तीन लाल फ्लास्क तुलनेसाठी होते. एकात नुसतं सांडपाणी, एकात त्यात लोहक्षार, एकात त्यात वडाच्या पानांचा काढा. लोहक्षाराच्या द्रावणात काढा पडला की ते क्षणात शाईसारखं काळं होई. केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्शाएवढे कण तयार होत. ते कण घातलेलं सांडपाणी चौथ्या फ्लास्कमध्ये होतं. इरानं ते गाळणकागदावर ओतलं होतं आणि नरसाळ्याखाली पाचवा, कोरा फ्लास्क ठेवला होता. तेवढ्यात काकांचा फोन आला. त्यांना घ्यायला ती खाली पळाली. पाचव्यावर चिठ्ठी लावायची राहूनच गेली. चौथ्यात तेव्हा फक्त काळा गाळ उरला होता.

आता नरसाळंही नव्हतं आणि गाळही नव्हता.

"नरसाळं मी काढलं," आतून हात पुसत शुभंकर आला. तो इराचा प्रयोगशाळेतला जोडीदार. "मेहमान येणार म्हणून जरा आवरलं. घाण दिसली ती धुतली."

"आणि?"

"आणि नळाचं पाणी भरून ठेवलं. डाग बसत नाहीत. नेहमीच ठेवतो की!"

"शुभ्या, किती धुतलेस?"

"एक." तो थांबला. "की दोन? दोन असतील."

इरानं दोन्ही फ्लास्क उजेडाला धरून पाहिले, फरक दिसेना. गाळलेल्या पाण्यात रंग उरला असता, तर यानं तेही घाण समजून मोरीत ओतलं असतं. मग समोरचे दोन्ही फ्लास्क नळाचेच. कण जिंकले की हरले, हे सांगायला काहीच उरलं नव्हतं. सांडपाण्याचा डबाही रिकामा झाला होता.

काकांनी गाडीची किल्ली काढली. "मागे एक जण पांढरी पावडर घेऊन आला होता. त्यानंही असंच काचेसारखं पाणी दाखवलं. नंतर कळलं, बरणीच बदलली होती. तू तसली नाहीस, मला ठाऊक आहे. तुझ्या बाबांना मी ओळखतो. पण कारखान्यातली सांडपाण्याची टाकी तुला प्रयोगाला द्यायची म्हणजे डोळ्यांनी बघायला नको? चालो, आवजो."

ती टाकी इराला हवी होती. त्याशिवाय तिचे कण या काचेबाहेर कधी पडणार नव्हते.

काका दारापर्यंत पोचले आणि तिला एकदम सुचलं.

"काका! सुतावर रंग पक्का बसावा म्हणून तुम्ही हौदात काय घालता?"

"मीठ. पोतीच्या पोती."

"मग ते मीठ जातं कुठे?"

"जाणार कुठे? पाण्याबरोबर बाहेर."

इरानं ड्रॉवर ओढला. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा, पेनाएवढा टीडीएस मीटर हाताला लागला. "माझे कण रंग तोडतात, काका. मिठाला हात लावत नाहीत!" तिचा आवाज चढला होता. "नळाच्या पाण्याचा आकडा किती येतो?"

"तीनशेच्या आसपास. घरी आरओवाला दाखवून गेलाय." काका परत फिरले. "आणि माझ्या पाण्याचा हजारांत येतो. प्रदूषण बोर्डाची माणसं त्यावरूनच झापतात मला."

तिनं डावीकडच्या फ्लास्कमध्ये मीटर बुडवला. आकडे वर चढले आणि थांबले.

२८६.

शुभंकर खाली बघायला लागला. "इरा, सॉरी यार."

"गप्प बस."

तिनं मीटरचं टोक धुतलं, टिपून कोरडं केलं. उजवीकडचा फ्लास्क जवळ ओढला. काकांनी किल्ली टेबलावर ठेवली आणि ते इतके वाकले, की त्यांचा चष्मा काचेला टेकला.

आकडे धावले. स्थिरावले.

७,८४०.