उजेडाचं माळवद

नांदेडची समीक्षा उजेडाची शिल्पं घडवायची. लातूरकडच्या एका गावाच्या ओसाड जागेवर तिने रामकिशनमामांचं भूकंपात झोपलेल्या दोन लेकींवर पडलेलं घर, ते सांगत गेले तसं, एका यंत्रातून दगडन् दगड उजेडात उभं केलं. दिवस मावळला तसं ते लख्ख दिसायला लागलं, पण मामा उंबऱ्याशीच थबकले. भूकंपाला चाळीस वर्षं होत आली, तरी ते अजून छताखाली झोपत नसत.

"वर दगडमाती हाय, माय."

समीक्षाने हात उंचावून माळवदातून आरपार नेला. "नुसता उजेड हाय, मामा. ह्यो पडत न्हाई."

मामा दारातून वाकून आत गेले आणि कोपऱ्यात शेजारची जमीन हलक्या हाताने थोपटत बसून राहिले.

बऱ्याच वेळाने यंत्राच्या बॅटरीचा लाल दिवा लुकलुकला. उजेडाच्या भिंती थरथरायला लागल्या.

"मामा, भायेर या. बॅटरी संपली."

आतून घाबरा आवाज आला, "जरा धर, माय. दोघी पोरींना उठवून आणतो."

समीक्षाने दोन्ही हात वर केले आणि माळवद धरून ठेवलं.