काळीला मागणी नाही

उज्वला भाकऱ्या थापत होती, म्हणून तिने मालकांचा फोन स्पीकरवर टाकला. गंगापूर रोडवरच्या त्यांच्या कारखान्यात जर्मन पद्धतीची बिअर तीच बनवायची.

"मॅडम, आपली काळी बिअर बंद करायची. गिऱ्हाईक फक्त गोरी मागतंय."

"सर, म्युनिकमध्ये आधी सगळे काळीच प्यायचे."

"प्यायचे! गोरी आली आणि काळी कोपऱ्यात गेली."

"पण बर्लिनची भिंत पडल्यावर पूर्वेकडची काळी लोकांना पुन्हा आवडायला लागलीच ना? मला फक्त सहा महिने द्या."

तेवढ्यात सासूबाई पाच महिन्यांच्या ओवीला घेऊन न्हाणीतून बाहेर आल्या. बेसन आणि साय चोळून चोळून लेकरू लालबुंद झालं होतं.

"हट्ट सोडा मॅडम. काळी ती काळीच. कितीही नटवा, तिला घेणार कोण?"

सासूबाईंचं डोकंच फिरलं. "कोन हाय रे तू मेल्या? माझ्या नातीला काळी म्हनतो? जीभ झडंल तुझी!" बेसनाच्याच बोटाने त्यांनी फोन बंद केला.

उज्वलाने ओवीला आपल्याकडे घेतलं. तिच्या कानामागे राहिलेलं बेसन ओढणीने हळूच पुसलं. पाच महिने गिळलेला राग आता गिळवेना.

"आई, ते बिअरबद्दल बोलत होते. ओवीला काळी म्हणणारं माणूस मला आजवर एकच भेटलंय, आणि ते रोज हिला आंघोळ घालतं."